शनिवारची रात्र, रविवारची सकाळ : एका ऑर्गनची कथा

उपासना आणि मनोरंजन यांच्यामधली भिंत किती उंच असावी, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. व्हायोलिन, ट्रम्पेट किंवा ऑर्गन वाजवणारी माणसे आपल्या धर्मग्रामांत पिढ्यान् पिढ्या होऊन गेली. शनिवारी रात्री लग्नाच्या मांडवात जो वादक पाहुण्यांना नाचवीत असे, तोच रविवारी पहिल्या मिस्सेला चर्चच्या माळ्यावर गायनवृंदाची साथ करताना दिसे. त्याच्यावाचून लग्नही अडे आणि सणाची मिस्साही अडे. तरीही त्याच्याविषयी दबक्या आवाजात बोलले जाई. रात्री नाचाचा ठेका धरणारे हात सकाळी वेदीसमोर कसे चालतात, अशी ती कुजबुज असे.

या कुजबुजीचे उत्तर आम्ही एका वाद्याच्या इतिहासात शोधू पाहत आहोत. हे वाद्य चर्चसाठी म्हणून विकले गेले, गरीब चर्चनी ते आपलेसे केले, तेथून ते रात्रीच्या मद्यगृहांत गेले आणि दोन्ही ठिकाणी त्याच हातांनी वाजत राहिले. ते वाद्य म्हणजे अमेरिकेतील हॅमंड ऑर्गन. ऑर्गन, गिटार आणि ड्रम अशा तिघांच्या मेळाला जॅझ संगीतात ‘ऑर्गन ट्रायो’ म्हणतात. या मेळाचे बुजुर्ग वादक एकामागून एक काळाच्या पडद्याआड गेले आहेत. म्हणूनच त्यांची कथा आज आठवावीशी वाटते.

घड्याळांच्या कारखान्यात

लॉरेन्स हॅमंड (१८९५–१९७३) हा शिकागोचा अभियंता. त्याला स्वतःला कोणतेही वाद्य वाजवता येत नसे. १९२८ साली त्याने विजेवर चालणाऱ्या घड्याळांची कंपनी काढली. विजेच्या प्रवाहाच्या आवर्तनांशी अचूक मेळ ठेवून फिरणारी मोटर, हे त्या घड्याळांचे वैशिष्ट्य होते. मोटरची गती ढळत नसे, म्हणून घड्याळ मागेपुढे होत नसे. पुढे महामंदीचे दिवस आले, घड्याळांचा बाजार बसला आणि या मोटरचा दुसरा काही उपयोग करता येईल काय, याचा विचार हॅमंड करू लागला.

जी मोटर वेळ चुकू देत नाही ती सूरही चुकू देणार नाही, ही त्याची कल्पना होती. मोटरने फिरणाऱ्या एका दांड्याच्या आधारे काठांना उंचवटे असलेल्या अनेक लहान पोलादी चकत्या वेगवेगळ्या गतींनी फिरवायच्या. प्रत्येक चकतीसमोर तारेचे वेटोळे गुंडाळलेला एक लोहचुंबक ठेवायचा. उंचवटा चुंबकासमोरून गेला की वेटोळ्यात विजेचा सूक्ष्म स्पंद उठतो. सेकंदाला जितके उंचवटे जातील तितकी कंपने, आणि तोच सूर. हा सूर मोठा करून ध्वनिक्षेपकातून ऐकवायचा. अशा ९१ चकत्यांवर सारे वाद्य उभे राहिले. पट्ट्यांच्या वर बाहेर ओढता येणाऱ्या नऊ लहान दांड्यांचे संच होते. कोणती दांडी किती ओढली, यावर मूळ सुरात कोणते उपसूर किती मिसळायचे ते ठरे. पाकक्रियेत जसे मीठमसाल्याचे प्रमाण, तसेच हे आवाजाचे प्रमाण.

संगीताच्या बाबतीत हॅमंडला ज्यांनी मार्गदर्शन केले त्यांत कंपनीच्या हिशेबखात्यातील अधिकारी लाही हे प्रमुख होते. ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. म्हणजे जन्माच्या वेळीच या वाद्याच्या उशाशी एक चर्च-वादक बसला होता, असे म्हणावयास हरकत नाही. १९३४ च्या एप्रिलमध्ये पेटंट मिळाले आणि पुढील वर्षी, १९३५ मध्ये, वाद्य बाजारात आले.

ज्या चर्चला पाइप ऑर्गन परवडत नाही त्याने हे घ्यावे, असा कंपनीचा प्रचार होता. पाइप ऑर्गनसाठी शेकडो किंवा हजारो नळ्या, हवेचे भाते, ते सारे मावेल अशी इमारत आणि निगा राखणारा कारागीर लागतो. हॅमंडची किंमत सुमारे १,२५० डॉलर होती आणि त्याला भिंतीतल्या विजेच्या खोबणीपलीकडे काही लागत नव्हते. पहिल्या तीन वर्षांत १,७५० हून अधिक चर्चनी ते विकत घेतले.

प्रार्थनामंदिरातील परीक्षा

पाइप ऑर्गन बांधणारे कारागीर स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. हॅमंड कंपनी आपले वाद्य पाइप ऑर्गनच्या तोडीचे असल्याचे जाहिरातींतून सांगते आणि ही ग्राहकांची दिशाभूल आहे, अशी तक्रार अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाकडे गेली. १९३७ मध्ये सुनावणी झाली. त्या निमित्ताने घेतलेली परीक्षा संगीताच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल. शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर प्रार्थनामंदिरात सुमारे ७५,००० डॉलर किमतीचा भव्य पाइप ऑर्गन होता. तेथेच एक हॅमंड बसवण्यात आला. श्रोत्यांना वादक दिसू नये अशी व्यवस्था केली. एका बाजूला संगीतातील जाणकार बसवले, दुसऱ्या बाजूला विद्यार्थी. आणि लहान लहान तुकडे कधी या वाद्यावर तर कधी त्या वाद्यावर वाजवले गेले.

जाणकारांचे सुमारे एक-तृतीयांश निर्णय चुकले. विद्यार्थ्यांची उत्तरे नाणे उडवून दिल्यासारखी, जवळजवळ निम्मी बरोबर आणि निम्मी चूक निघाली. तरीही १९३८ च्या जुलैमध्ये आयोगाने निकाल दिला तो कंपनीच्या विरुद्ध. आपले वाद्य पाइप ऑर्गनची बरोबरी करते, असा दावा तिने यापुढे करू नये, असा आदेश निघाला.

आमच्या मते हा निकाल न्याय्य होता. हॅमंडचा आवाज पाइप ऑर्गनचा नव्हताच. नळीतून वाहणाऱ्या वाऱ्याचा श्वास त्यात नव्हता. शिवाय पट्टी दाबताक्षणी सुराआधी एक बारीक ‘टिक्’ असा आवाज येई. हा दोष काढून टाकण्यासाठी कंपनीच्या अभियंत्यांनी पुष्कळ खटपट केली, पण तो समूळ गेला नाही. जॅझवादकांना पुढे नेमका तोच आवडला, कारण त्यामुळे प्रत्येक सूर तबल्यावरील बोलासारखा सुटा आणि ठसठशीत उमटे. बांधणाऱ्यांनी नाकारलेल्या दगडाची पवित्र शास्त्रातील गोष्ट येथे वाचकांना आठवल्यावाचून राहणार नाही.

दुकानाच्या गाळ्यातील चर्च

विसाव्या शतकाच्या पहिल्या सात दशकांत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्ये सोडून शिकागो, फिलाडेल्फिया, न्यू यॉर्क, डेट्रॉइट अशा शहरांकडे गेले. दक्षिणेतील दारिद्र्य आणि वर्णद्वेषाचा जाच ही त्यामागची कारणे होती. या स्थलांतरितांनी नव्या शहरात प्रार्थनेसाठी मिळेल ती जागा घेतली. पुष्कळदा ती जागा म्हणजे रस्त्यावरच्या दुकानाचा रिकामा गाळा असे. तेथे पाइप ऑर्गनचा विचारच शक्य नव्हता.

त्यांच्या उपासनेतही त्या काळी मोठा बदल होत होता. टॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) हा पूर्वी ब्लूज गाणाऱ्यांची पियानोवर साथ करीत असे. त्याने ब्लूजची लय आणि वळणे भक्तिगीतांत आणली आणि ‘गॉस्पेल’ संगीताचा पाया घातला. आरंभी अनेक चर्चनी त्याची गीते दारातच नाकारली. रात्रीच्या दुनियेचा वास या सुरांना येतो, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे आरंभी आम्ही ज्या कुजबुजीचा उल्लेख केला, ती केवळ आपल्याकडचीच नाही.

१९३९ मध्ये शिकागोच्या ‘फर्स्ट चर्च ऑफ डिलिव्हरन्स’ने हॅमंड ऑर्गन आणला. तो वाजवणारा केनेथ मॉरिस (१९१७–१९८८) हा जॅझवादक म्हणून शिकागोला आला होता आणि प्रकृती बिघडल्यामुळे त्याला रात्रीचे वादन सोडावे लागले होते. त्याच्या हातून हॅमंड गॉस्पेल संगीतात शिरला. लवकरच प्रवचनकार आणि ऑर्गन यांच्यात एक प्रकारची जुगलबंदी रूढ झाली. प्रवचनकाराने वाक्य टाकावे, ऑर्गनने त्याला हुंकार द्यावा. त्याचा आवाज चढला की ऑर्गननेही चढावे. आपल्याकडे कीर्तनकाराला पेटी आणि मृदंग जशी साथ देतात तसाच हा प्रकार होय.

आवाजात अजून एक उणीव होती. कॅलिफोर्नियातील डॉन लेस्ली (१९११–२००४) याने १९३७ मध्ये हॅमंड घेतला आणि घरी वाजवून पाहिल्यावर तो निराश झाला. मोठ्या दालनात ऐकलेला भारदस्त नाद घराच्या खोलीत सापडेना. त्याने लाकडी पेटीत फिरते भोंगे बसवून ध्वनिक्षेपक तयार केला. भोंगा फिरला की आवाज जवळ येतो, दूर जातो, थरथरतो. लॉरेन्स हॅमंडला ही युक्ती मुळीच रुचली नाही आणि त्याने ती स्वीकारली नाही. वादकांनी मात्र ती डोक्यावर घेतली. त्यानंतर हॅमंड आणि लेस्ली यांची जोडी इतकी घट्ट झाली की एकावाचून दुसऱ्याची कल्पना करणे अवघड व्हावे.

तिघांचा मेळ

जॅझमध्ये ऑर्गन आणणारा पहिला थोर वादक म्हणजे फॅट्स वॉलर (१९०४–१९४३). त्याचे वडील धर्मोपदेश करीत आणि त्यांच्या प्रवचनाच्या वेळी लहानगा वॉलर पायपेटी वाजवी. पुढे न्यू यॉर्कच्या हार्लेम भागातील एका नाट्यगृहात तो पाइप ऑर्गन वाजवू लागला. १९२० च्या दशकात त्याच्या पाइप ऑर्गनवादनाच्या ध्वनिमुद्रिका कॅम्डेन गावी निघाल्या. ध्वनिमुद्रण कंपनीने त्यासाठी वापरलेली इमारत पूर्वी एक चर्च होती, हा योगायोगही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

ऑर्गन, गिटार आणि ड्रम या तिघांचा मेळ लोकप्रिय केला तो १९५० च्या दशकाच्या आरंभी वाइल्ड बिल डेव्हिस (१९१८–१९९५) याने. त्याचे वादन ऐकून फिलाडेल्फियाजवळच्या नॉरिसटाउन गावचा तरुण पियानोवादक जिमी स्मिथ भारून गेला. त्याने ऑर्गन विकत घेतला, फिलाडेल्फियातील एका गोदामात ठेवला आणि महिनोन् महिने तेथे एकट्याने रियाझ केला. पायपट्ट्यांकडे पुन्हा पुन्हा पाहावे लागू नये म्हणून त्याने त्यांचे चित्र समोरच्या भिंतीवर लावले होते, असे सांगतात. १९५६ च्या आरंभी तो हार्लेममध्ये वाजवू लागला. तेथे ‘ब्लू नोट’ या ध्वनिमुद्रण कंपनीच्या आल्फ्रेड लायन यांनी त्याला ऐकले आणि त्याच वर्षी त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. हे लायन स्वतः नाझी जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू होते.

या तिघांच्या मेळाची रचना समजून घेतली तर त्यातील कौशल्याची कल्पना येईल. जॅझमध्ये खर्जाचे काम सहसा एक स्वतंत्र वादक उंच तंतुवाद्यावर करतो. ऑर्गन ट्रायोत तो वादकच नसतो. ऑर्गनवादकाचा डावा हात खालच्या पट्ट्यांवर अखंड खर्जाची चाल धरतो आणि डावा पाय पायपट्ट्यांवर तिला अधूनमधून टोकरतो. उजवा पाय आवाज लहानमोठा करणाऱ्या पायदाबावर असतो. उजवा हात वरच्या पट्ट्यांवर गाणे गातो. गिटारवादक कधी स्वरमेळ भरतो, कधी स्वतः पुढे येतो. ड्रमवादक ठेका सांभाळतो आणि संवादही करतो. एका माणसाने एकाच वेळी तीन माणसांचे काम करायचे, आणि तेही इतर दोघांचे बोलणे कान देऊन ऐकत.

यामागे अर्थकारणही होते. कृष्णवर्णीय वस्त्यांतील लहान मद्यगृहांना पंधरा-सोळा वादकांचा ताफा परवडत नसे. तिघांच्या बिदागीत मोठ्या ताफ्याचा भरदार आवाज मिळू लागला. गरीब चर्चने ज्या कारणाने हे वाद्य घेतले होते, त्याच कारणाने ते गरीब वस्तीच्या मद्यगृहातही गेले. आणि ऐकणारे कोण होते? शनिवारी रात्री कारखान्याची पाळी संपवून येणारे हे लोक दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमधल्या बाकांवर बसत आणि तेच वाद्य पुन्हा ऐकत. त्यांच्या कानांना हा सूर परका वाटण्याचे कारणच नव्हते.

१९५८ साल

या कथेत १९५८ हे साल विशेष आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत जिमी स्मिथने वीस मिनिटांची एक रचना ध्वनिमुद्रित केली आणि तिला नाव दिले ‘द सर्मन’, म्हणजे प्रवचन. नाव सार्थ होते. एक साधी ब्लूजची चाल घेऊन वादक तिचा संथ आरंभ करतात, मग एकेक जण उठून आपले म्हणणे मांडतो आणि मागे ऑर्गन ‘हो, हो’ असा हुंकार देत राहतो. दुकानाच्या गाळ्यातील त्या चर्चची रीतच येथे उतरली होती.

त्याच वर्षी ३ सप्टेंबर रोजी रोमहून उपासना-संगीताविषयी सूचनापत्र निघाले. पोप बारावे पायस त्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी कालवश झाले. सूचनापत्रात विजेवरील ऑर्गनचा स्पष्ट उल्लेख होता. लहानसा का होईना, पाइप ऑर्गन घेण्याची ऐपत नसेल तर विजेचा ऑर्गन उपासनेत चालवून घ्यावा. मात्र तात्पुरता, आणि प्रत्येक वेळी बिशपांच्या खास अनुमतीने, असा त्याचा आशय होता.

या नियमाकडे तुच्छतेने पाहू नये, असे आम्हांला वाटते. ख्रिस्तसभेला उपासनेचे पावित्र्य जपायचे होते. पोप दहावे पायस यांनी १९०३ मध्ये पियानो आणि ढोलताशांसारखी गोंगाटी वाद्ये चर्चमधून वर्ज्य केली, तीही नाट्यगृहातील संगीत वेदीपर्यंत पोहोचले होते म्हणून. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये पाइप ऑर्गनचा मान कायम राखला आणि त्याबरोबरच, उपासनेला साजतील व भाविकांच्या उन्नतीस साहाय्यक होतील अशा इतर वाद्यांसाठीही दार उघडले. पुढे १९७५ मध्ये न्यू यॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये जॅझ पियानोवादक मेरी लू विल्यम्स यांनी रचलेल्या संगीतासह मिस्सा झाली. मेरी लू यांनी १९५७ मध्ये कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती. त्या श्रद्धेसाठी त्यांनी जॅझचा त्याग केला नाही. जॅझ हीच त्यांची प्रार्थना झाली.

‘तात्पुरता’ म्हणून चालवून घेतलेले ते वाद्य मात्र टिकले. त्याच्याहून सोय असलेली वाद्ये आली, गेली, आणि त्यांतील कित्येकांत हॅमंडच्या आवाजाची नक्कल करण्याची व्यवस्था मुद्दाम ठेवण्यात आली.

ओझे वाहणारी माणसे

१९५४ मध्ये बाजारात आलेले ‘बी-थ्री’ हे हॅमंडचे रूप जॅझवादकांचे सर्वांत आवडते. बाक आणि पायपट्ट्या धरून त्याचे वजन सुमारे १९० किलो भरे. लेस्लीची पेटी वेगळी. गावोगावच्या जिन्यांवरून हे धूड चढवणे हा वादकांच्या जीवनाचा भागच होता. जिमी स्मिथने त्यासाठी एक शववाहिका घेतली होती. लांबलचक सामान आत सरकवण्याची तीत आयतीच सोय होती. १९७० च्या दशकाच्या मध्यास कंपनीने बी-थ्री बनवणे थांबवले. हलकी इलेक्ट्रॉनिक वाद्ये आली, मद्यगृहांतील ट्रायोंना उतरती कळा लागली आणि अनेक बुजुर्ग वादक विस्मरणात गेले.

तरीही काहींनी ओझे खाली ठेवले नाही. ऱ्होडा स्कॉट यांचा जन्म १९३८ चा, वडील आफ्रिकन मेथडिस्ट चर्चचे पाळक. बालपणी चर्चच्या ऑर्गनवर बसताना त्यांनी पादत्राणे काढून ठेवली, आणि पुढे फ्रान्समध्ये जाऊन कीर्ती मिळवल्यावरही त्या अनवाणीच वाजवीत राहिल्या. पवित्र भूमीवर उभा राहताना मोशेने पादत्राणे काढली होती. ऱ्होडाबाईंचे कारण साधे पायपट्ट्यांचे असले, तरी आम्हांला त्या प्रसंगाची आठवण झाली. फिलाडेल्फियाच्या ट्रूडी पिट्स (१९३२–२०१०) यांनी आयुष्य हॅमंडवर काढले आणि २००६ मध्ये त्या शहरातील किमेल सेंटरच्या सुमारे ७,००० नळ्यांच्या भव्य पाइप ऑर्गनवर कार्यक्रम केला. तेथे जॅझ वाजवणाऱ्या त्या पहिल्याच. ज्या पाइप ऑर्गनची बरोबरी करू नये असे १९३८ मध्ये हॅमंडला बजावण्यात आले होते, त्याच घराण्याच्या वाद्यासमोर अखेर हॅमंडचीच एक वादक सन्मानाने बसली.

पंचाहत्तरीची मैफल

आता एका मैफलीकडे वळू. डॉ. लॉनी स्मिथ यांचा जन्म ३ जुलै १९४२ चा, बफेलो शहरालगतच्या लॅकवाना गावचा. पोलादाच्या कारखान्यांचे हे गाव कॅथलिक वाचकांना फादर नेल्सन बेकर या अनाथांच्या कैवाऱ्यामुळे परिचित असेल. लॉनींना गॉस्पेल आणि ब्लूजची गोडी आईने लावली. ‘डॉक्टर’ ही त्यांची पदवी विद्यापीठाची नव्हती आणि डोक्यावरचा फेटा कोणत्या धर्माची खूण नव्हता. दोन्ही त्यांनी स्वतःच धारण केले होते.

तरुणपणी त्यांच्याजवळ वाद्य नव्हते. बफेलोतील आर्ट कुबेरा यांच्या वाद्यांच्या दुकानात ते रोज जाऊन दुकान बंद होईपर्यंत बसून राहत. एके दिवशी कुबेरा यांनी त्यांना कारण विचारले. वाद्य मिळाले तर वाजवायला शिकेन आणि पोट भरीन, असे तरुणाने सांगितले. पुढे एके दिवशी कुबेरा त्याला मागच्या बाजूस घेऊन गेले. तेथे एक हॅमंड ऑर्गन उभा होता. येथून हलवता आला तर तो तुझा, असे ते म्हणाले. लॉनी स्मिथ जन्मभर कुबेरांना आपला देवदूत म्हणत आले. आम्हांला या प्रसंगात संगीताच्या इतिहासाइतकाच दानधर्माचाही धडा दिसतो. दात्याने किंमत विचारली नाही, गुणपत्रक विचारले नाही. मुलगा रोज येऊन बसतो, एवढेच त्याने पाहिले.

पुढे लॉनी स्मिथ यांनी नाव कमावले. २०१७ मध्ये त्यांना ‘जॅझ मास्टर’ हा अमेरिकेतील जॅझचा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान मिळाला. त्याच वर्षी जुलैत, पंचाहत्तरीच्या निमित्ताने, त्यांनी न्यू यॉर्कच्या ‘जॅझ स्टँडर्ड’ या तळघरातील सभागृहात मैफली केल्या. गिटारवर जोनाथन क्राइसबर्ग होते आणि ड्रमवर जोनाथन ब्लेक, फिलाडेल्फियाचे नामांकित जॅझ व्हायोलिनवादक जॉन ब्लेक यांचे चिरंजीव. या मैफलींतील निवडक रचनांची ध्वनिमुद्रिका २०१८ च्या जानेवारीत ‘ऑल इन माय माइंड’ या नावाने प्रसिद्ध झाली.

ती ऐकताना पहिल्याने जाणवते ते वृद्ध वादकाचे मौन. त्याला घाई नाही. दोन्ही तरुणांना तो मोकळी वाट करून देतो आणि स्वतः मागे मंद सुरांचे अंथरूण घालत राहतो. मग कुजबुजीएवढ्या आवाजात एखादे वाक्य सुरू करतो, तेच पुन्हा म्हणतो, थोडे वर नेतो. आणि पाहता पाहता सारे दालन भरून टाकणारा नाद उठतो. पट्टी दाबण्याचा जोर येथे कामाचा नाही, कारण हॅमंडची पट्टी हळू दाबा की जोरात, सूर सारखाच येतो. जे घडते ते उजव्या पायाच्या दाबाने, ओढलेल्या दांड्यांनी, लेस्लीच्या गतीने आणि केव्हा थांबायचे हे कळण्याने. शेवटची गोष्ट पन्नास वर्षांनी येते.

२८ सप्टेंबर २०२१ रोजी लॉनी स्मिथ निवर्तले. त्यांनी वाजवले ते ‘जॅझ स्टँडर्ड’ सभागृह त्याआधीच, २०२० च्या अखेरीस, बंद झाले होते. पुढील वर्षी २५ ऑगस्टला जोई डीफ्रान्सेस्को हा या वाद्याचा पुढच्या पिढीतील अग्रणी वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी गेला. त्याला हे वाद्य वडिलांकडून मिळाले होते आणि जिमी स्मिथबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘लेगसी’, म्हणजे वारसा, असे होते. २००५ च्या फेब्रुवारीत, स्मिथच्या निधनाच्याच सुमारास, ती बाहेर पडली होती. वारसा सांगणाराही गेला आणि घेणाराही गेला. उरले ते त्यांच्याकडून शिकलेले हात.

आपल्या माळ्याकडे

परदेशातील या कथेचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. आपल्याच मराठी रंगभूमीकडे पाहा. पाश्चात्त्य घरांत आणि लहान चर्चमध्ये भक्तिगीतांसाठी वाजणारा पायाने भात्यांचा ऑर्गन संगीत नाटकाने उचलला आणि बालगंधर्वांच्या काळी नाट्यपदांच्या साथीला बसवला. तो कोणाला परका वाटला नाही. पेटीचेही तेच; पॅरिसमध्ये १८४२ साली पेटंट घेतलेले हे वाद्य आज देवळांत, कीर्तनांत आणि आपल्या मिस्सांतही वाजते. वाद्य कोठे जन्मले यापेक्षा ते कोणाच्या सुखदुःखाला साथ देते, यावर त्याचे घर ठरते.

वादकांचेही तसेच. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मेस्त मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत ते चर्चच्या गायनवृंदासाठी. तीच मुले मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि चित्रपटसंगीताच्या ताफ्यांचा कणा बनली. आल्डोना गावचे आंतोनियो शाव्हियेर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेटवर गाजले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी व्हायोलिन शिकवलेल्या प्यारेलाल यांनी १९७७ च्या एका चित्रपटगीतात गुरूचे नाव अमर केले. बाकीच्या कित्येकांची नावे श्रेयनामावलीत कधी आलीच नाहीत.

शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ यांच्यामध्ये मर्यादा असाव्यात, हे आम्ही नाकारीत नाही. वेदीसमोर काय वाजावे आणि काय वाजू नये, याचा विवेक ख्रिस्तसभेने शिकवला आहे आणि तो हवाच. परंतु ती मर्यादा सुरांच्या निवडीत असावी. वादकाच्या माणूसपणावर तिची रेघ ओढू नये. कष्टाच्या आठवड्यानंतर माणसांना हसवणारे हात त्याच माणसांना गुडघे टेकायलाही मदत करू शकतात. हॅमंड ऑर्गनच्या इतिहासाने आम्हांला शिकवले ते इतकेच.

मिस्सा संपते, धर्मगुरू आत जातात, माणसे बाहेर पडून अंगणात बोलू लागतात आणि वर माळ्यावर कोणी वृद्ध वादक शेवटची रचना पुरी करीत असतो. बहुधा ती कोणी ऐकत नाही. पुढच्या रविवारी ती संपेपर्यंत बाकावर बसून राहावे. मग जिन्यापाशी थांबून त्याचे नाव विचारावे आणि तो कोणाकडून शिकला तेही विचारावे. आणि एखादे मूल रोज त्याच्या वाद्याशेजारी येऊन बसत असेल, तर त्याला उठवू नये.